डावा हात, दोन बाजू

निमिष सियागंजातून पाइपचे तीन तुकडे घेऊन आला,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले,
आणि माझ्या ओट्यावर बांगड्या मांडाव्यात तसे मांडले.
एक पितळेचा. एक लोखंडी, जस्त चढवलेला.
एक पांढरा, नळाच्या कामाचा, प्लास्टिकचा.
"मावशी, यातला सगळ्यात मजबूत कोणता?"

इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. रॉकेट करायचंय त्याला.

मी एकतीस वर्षं एम.वाय.च्या एक्स-रे खोलीत काढली.
दारावर लाल दिवा, अंगावर शिशाचा एप्रन,
श्वास रोखा. हलू नका. सोडा.
दिवाळीचे चार दिवस आम्हाला रजा नसायची.

मजबूत म्हणे.
कुणासाठी मजबूत, निमिष?

पितळ फिल्मवर पांढरं दिसतं,
तांदळाच्या कणीएवढं,
मनगटाच्या आठ हाडांत नववं.
सर्जन त्याच्यावर पेन्सिल टेकवून म्हणू शकतो, हे.
लोखंडाचंही तसंच.
पण हा पांढरा पाइप
दिसतच नाही.
मांसात शिरतो आणि मांसाच्याच रंगाचा होऊन बसतो.

देपालपूरकडचा एक माणूस सहा वेळा आला होता.
सहा फिल्म, सहाही स्वच्छ.
आत काहीतरी आहे हो बाई, म्हणायचा,
कूस बदलली की टोचतं.
वॉर्डात त्याच्या नकला करायचे.
पाकिटावर 'नॉर्मल' मीच लिहिलं,
सहाही वेळा, निळ्या शाईनं.

गौतमपुऱ्याची पोरं तर फळातच दारू भरतात.
हिंगोट. लिंबाएवढं, कवच लाकडासारखं.
पाडव्याच्या संध्याकाळी पेटवून एकमेकांवर फेकायचं,
कलगी या बाजूला, तुर्रा त्या बाजूला.
दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजू
आमच्या एकाच बाकावर शेजारी बसलेल्या असायच्या,
पट्ट्या बांधून, एकच बिडी पुरवून पुरवून ओढत.

"मग काय, कागद?"
पाहुण्याने 'मग काय, मुगाची खिचडी?' म्हणावं तसं म्हणाला.

हो, कागद.
कागदाला फाटायचं कसं ते ठाऊक असतं.
आधी फुगतो, मग एका बाजूनं उसवतो,
आणि त्याच्या चिंध्या चार हातांवर जाऊन पडतात.
धातू हूं की चूं करत नाही,
शेवटपर्यंत सगळं आत धरून ठेवतो,
आणि मग एकदम, सगळीकडे.
तशी माणसंही होती आमच्या घरात.
ते जाऊ दे.

माळ्यावर एक्स-रेची जुनी पाकिटं होती, खाकी, जाड,
निवृत्त होताना रद्दीतून उचलून आणलेली.
खळ शिजवली. लाटण्यावर गुंडाळत गेलो,
एक पदर, दुसरा पदर,
सुरकुती आली की तो वैतागून उलगडायचा, पुन्हा.
त्याची लांब, बिनडागाची बोटं.
मी मध्येच लाटणं हातात घेतलं,
उगाच, त्याचे हात जरा बाजूला व्हावेत म्हणून.

रविवारी सुपर कॉरिडॉरच्या पलीकडे, पडीक रानात.
लांब वायर. तो माझ्या मारुतीच्या मागे,
मी त्याच्याही पुढे,
"मावशी, काही दिसत नाहीये मला!"
न दिसू दे.

दोन ताडांएवढं वर गेलं असेल.
मग फट्,
कुणी पापड मोडावा एवढंच,
आणि खाकी कपटे हरभऱ्याच्या कडेला खाली येत राहिले.

"टिकला नाही," तो म्हणाला. चेहरा एवढासा.
मला मात्र हसू आवरेना,
गुडघे दुखत असूनही दोनदा खाली वाकले मी ते कपटे वेचायला.

एकावर माझंच अक्षर निघालं.
नाव जळालेलं, तारीख जळालेली,
खाली तेवढं शाबूत:
डावा हात, दोन बाजू.

"कुणाचा होता?"

आठवत नाही रे.
त्यानं तो कपटा झटकला, खिशात घातला,
आणि गाडीत बसेपर्यंत विचारत होता,
पुढच्या वेळी किती पदर द्यायचे.